निघालो ते घर

चिकाची चरवी ओसरीच्या कडेला ठेवून वारज्याच्या जयसिंगाने अंगणातूनच वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बुवा, तुमचा बेडूक खरा झाला की!" यज्ञेश्वर जोश्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं. नारायण पेठेत स्तुती तशी दुर्मीळच; इथे माणूस गेल्यावरसुद्धा लोक 'तसा वाईट नव्हता' एवढंच म्हणून आंघोळीला जातात. आणि हा गडी दोन-अडीच कोस चालत आला होता, तेही नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक घेऊन. पाडव्याला पेठेच्या देवळात यज्ञेश्वराने नव्या वर्षाचं पंचांग वाचलं तेव्हा सांगितलं होतं, यंदा मृगाचं वाहन बेडूक. पावसाचं प्रत्येक नक्षत्र कुठल्या ना कुठल्या जनावरावर बसून येतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाणीच पाणी, कोल्हा किंवा मेंढा असेल तर आभाळाकडे बघत बसा. बाकीचं पंचांग लोक देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरतात. जनावर तेवढं लक्षात ठेवतात. "आठ दिस झालं, झड लागलीया," जयसिंग सांगत होता, "भाताची रोपं बोटभर वर आल्यात." मग जाता जाता, काठी उचलताना, सहज म्हणून तो आणखी बोलला. "बिबवेवाडीचा सर्जेराव भेटला काल बाजारात. त्येच्याकडं टिपूस न्हाई. पन गडी डगमगत न्हाई बगा. म्हनला, बुवांनी बेडूक सांगितलाय, मृगाचं दोन-तीन दिस ऱ्हायल्यात, त्यात येतोयच. उद्याच समदं बी कोरड्यात टाकून मोकळा हुतो म्हनला."

"टाकू दे, टाकू दे," यज्ञेश्वर म्हणाला. आपण असं म्हणालो हे त्याला पुढे दिवसभर आठवत राहिलं.

तो आत आला तो एखाद्याने पक्वान्न जेवून सुपारी शोधावी तसा. स्तुती पोटात नीट उतरायला हवी होती. म्हणून त्याने फडताळातला, कागद बांधून ठेवलेला रुमाल सोडला आणि फाल्गुनात केलेल्या गणिताचे कच्चे कागद काढले. आपल्याच हातची अक्षरं बघायची, बाकी तीन उरली ती जागा बघायची, एवढाच हेतू. सूर्य मृगात शिरतो तेव्हा चंद्र अनुराधा नक्षत्रात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, बाकी उरेल ते जनावर. कागदावर लिहिलं होतं बारा. बारातून नऊ गेले, उरले तीन. तीन म्हणजे बेडूक. सवयीने त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालू लागला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य... विशाखा, अनुराधा. अंगठा बारा पेरं संपवून तेराव्या गणतीला पुन्हा पहिल्या पेरावर उभा होता. त्याने पुन्हा मोजलं. तेरा. खिडकीशी जाऊन उजेडात मोजलं, जणू पेरं अंधारात जास्तीची झाली होती. तेराच. तेरातून नऊ गेले, उरले चार. चार म्हणजे मेंढा.

पोटातला आनंद तिथेच नासला.  काय झालं होतं ते कळायला त्याला दुसऱ्या कागदाची गरज नव्हती. फाल्गुनात त्याने मृग मोजलाच नव्हता. आर्द्रेपासून सुरुवात केली होती. ही चूक पेठेतला सात वर्षांचा मुलगा करतो, आणि करतो तेव्हा मार खातो. त्यानेही खाल्ला होता. वडील त्याचा डावा हात आपल्या मांडीवर उताणा ठेवत आणि आपला अंगठा त्याच्या करंगळीच्या पेरावर दाबून धरत, दुखेपर्यंत. "ज्या घरातून निघायचं ते घर आधी मोजायचं. तू चाललास पुढच्या घरी, आणि स्वतःचं घर राहिलं कुणाच्या भरवशावर?" वडिलांच्या अंगठ्याला शाईचा आणि तपकिरीचा वास यायचा. तो वास चाळीस वर्षांनी आत्ता, भर सकाळी, खोलीत आला. यज्ञेश्वराने स्वतःचा अंगठा नाकाशी नेला. त्याला चिकाचा वास होता.

आणि मग तो दिवस आठवला. आठवायचा नव्हता, तरी आठवला. फाल्गुन वद्य चतुर्थी. सुनीतीला वाईला सासरी पाठवायची होती. एकुलती एक, न्हाण येऊन महिना झाला होता, व्याह्यांकडून निरोपांवर निरोप येत होते. दारात मेणा उभा होता. बायका आत रडत होत्या, मंदाकिनी रडत नव्हती, ती शिदोरी बांधत होती. यज्ञेश्वर मुद्दामच गणिताला बसला होता. कामात आहे असं दाखवलं की बापाला डोळे पुसावे लागत नाहीत. सुनीती आत आली, वाकली, आणि म्हणाली, "बाबा, निघते." तो म्हणाला, "हं. मृग चाललाय." तिला वाटलं असेल, बाबा गणितातून मान वर काढायला तयार नाहीत. मेणा वळणापाशी गेल्यावर भोयांचा हुंकार ऐकू येईनासा झाला, तेव्हा त्याने अंगठा ठेवला. कुठे ठेवला? आर्द्रेवर. मृग मोजून झाला आहे असं त्याला वाटलं होतं, कारण त्याने तो शब्द तोंडाने उच्चारला होता. लेकीशी बोलण्यात गेला होता मृग.

ही चूक कोणाला दिसली नव्हती. आणि आता तर दिसणारही नव्हती, कारण वारज्यात पाऊस पडत होता. हे लक्षात आल्यावर यज्ञेश्वर क्षणभर सावरून बसला. चुकीच्या गणिताने का होईना, भाकीत खरं आलं होतं. मग चूक कुठली? पण त्याच क्षणी दुसरी गोष्ट मनात शिरली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. गणित बरोबर केलं असतं तर आपण मेंढा सांगितला असता, आणि वारज्याचा जयसिंग आज चीक घेऊन नव्हे, जाब विचारायला आला असता. म्हणजे बरोबर गणित वारज्यात खोटं. चुकीचं गणित बिबवेवाडीत खोटं. एक गाव पुण्याच्या या अंगाला, दुसरं त्या अंगाला, मधे एका सकाळची चाल. आणि सूर्य तोच, चंद्र तोच, मृग तोच. लहानपणी वडिलांबरोबर पौडाकडे जाताना त्याने पाहिलं होतं, सह्याद्रीकडून येणारे ढग काळेभोर असतात, मावळात उतरतात तेव्हा करडे होतात, आणि पुण्यावरून पुढे जातात ते पांढरे, हलके, रिकामे. मावळात भात, पुण्याच्या पलीकडे बाजरी. गाडीवानालासुद्धा ठाऊक असलेली गोष्ट. तिला आपल्या पंचांगात कुठे जागा आहे? सगळ्या देशाला मिळून एकच बेडूक! तीस वर्षं तो दर पाडव्याला हे वाचत आला होता आणि समोर वारज्याचे लोक एका खांबाशी, बिबवेवाडीचे दुसऱ्या खांबाशी बसून माना डोलवत होते. देवळाचं छत दोघांच्याही डोक्यावर एकच होतं, म्हणून त्यालाही कधी वेगळं वाटलं नाही.

यंदाच्या पाडव्याला त्या दुसऱ्या खांबाशी सोजरबाई बसली होती, सर्जेरावाची बायको. वाचन संपल्यावर ती थांबून राहिली होती. उंच, काटकुळी, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारी बाई. "बुवा, आमच्या घरची चाल हाय, अर्दं बी पेरायचं, अर्दं कणगीत राखायचं. मालक म्हनत्यात आवंदा समदं पेरू. तुमी काय म्हनता?" तिला 'राखा' हा शब्द हवा होता. आज त्याला ते लखलखीत दिसत होतं. त्या दिवशी दिसलं नाही. त्या दिवशी भोवती दहा-पंधरा माणसं होती, नव्या उपरण्याची घडी नुकतीच मोडली होती, आणि तो म्हणाला होता, "बेडूक आहे बाई. निर्धास्त पेरा." पेरा म्हणाला असता तरी चाललं असतं. निर्धास्त कशाला म्हणायचं? तो शब्द कोणी मागितला नव्हता. वाढप्याने आग्रहाने पानात टाकावं तसा त्याने तो टाकला होता. निर्धास्त. तो स्वतः आयुष्यात एक दिवस निर्धास्त नव्हता.

"चीक आटतोय चुलीवर," मंदाकिनी दारात येऊन म्हणाली, "आणि तुम्ही बोटं काय मोजताय मघापासून? दहाच आहेत." त्याने तिला सांगितलं. सगळं नाही सांगितलं, मेण्याचं सांगितलं नाही. गणती चुकली, मेंढा होता, एवढंच. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली. "मग सांगून या," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ज्याचं बी आहे त्याला. मला सांगून काय उपयोग, मी काही पेरत नाहीये."

"अगं, पण उद्या पेठभर होईल. देवळाच्या पायरीवर बसणारे दिगंबरपंत तर माझ्या चुकीची वाटच बघताहेत. पुढच्या पाडव्याला वाचायला दुसरा कोणी बसेल."

"बसू दे. तुमचं नाव काय कणगीत राखायचंय का?" ती आत गेली. भांड्याचा आवाज झाला. मग आतूनच तिचा आवाज आला, "डोक्याला काहीतरी गुंडाळून जा. ऊन आहे."

ऊन होतंच. मृगाचे बारा दिवस उलटले होते आणि पेठेच्या रस्त्यावर चैत्रातल्यासारखी धूळ उडत होती. तो झपझप निघाला आणि देवळापाशी येताच पाय आपोआप मंद झाले. पाच जण ओळखीचे भेटले, पाचांनीही विचारलं, भर दुपारी कुठे? त्याने पाच वेगवेगळी उत्तरं दिली. पर्वतीच्या पायथ्याशी तो एका झाडाखाली टेकला आणि मनात हिशेब मांडू लागला की आत्तापर्यंत पेरून झालं असेल. झालं असेल तर सांगण्यात अर्थ काय? उगाच त्या माणसांचा जीव टांगणीला. आणि दोन दिवस उरलेत की अजून. पडायचा असेल तर पडेलही. मेंढा सांगून आलो आणि मागून पाऊस कोसळला तर? मग दोन्हीकडून हसं. हे सगळं त्याला एखाद्या चांगल्या वकिलाने मांडावं तसं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच भीती वाटत होती. त्याने पश्चिमेकडे पाहिलं. सिंहगडाच्या अंगाला आभाळ काळं होतं, वारज्यावर तर पावसाचा पडदाच लोंबत होता. डोक्यावर ढग होते, पण तेच ते, पांढरे आणि घाईतले. त्यांच्या सावल्या आंबील ओढ्याच्या कोरड्या वाळूवरून सरकत पूर्वेकडे जात होत्या. त्यातल्या एका सावलीबरोबर तो उठला.

बिबवेवाडीच्या शिवारात पोचला तेव्हा पाभर चालू होती. बैल ओढत होते, सर्जेराव दांड्यावर भार देऊन मागे चालत होता, आणि पाभरीवरच्या लाकडी वाटीत सोजरबाई मूठ धरून बाजरी सोडत होती. मुठीतून दाणे सारखे पडायला हवेत, जास्त नाही, कमी नाही. यासाठी सराईत हात लागतो, आणि तिचा तसा होता. तिच्या कमरेला बियांची ओटी होती. अर्धं रान झालं होतं. मागे माती इतकी कोरडी की तासांच्या रेघासुद्धा वाऱ्याने पुसट होत होत्या. ब्राह्मण बांधावर उभा बघून सर्जेरावाने बैल थांबवले आणि धावतच आला. "बुवा, तुमी? अवो, सांगावा धाडायचा, मी आलो असतो!" त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की यज्ञेश्वराला वाटलं, आत्ताच्या आत्ता परत फिरावं. जोशी स्वतः पेरणीला आला, हे त्याला शुभ वाटलं होतं.

"सर्जेराव, पाभर थांबवा. माझी गणती चुकली. बेडूक नाही. मेंढा आहे."

सोजरबाईने मूठ ओटीत उलटी केली. आधी ते केलं, मग नवऱ्याकडे बघितलं. सर्जेरावाला मात्र समजायला वेळ लागला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला तो रागात गेला नाही; भीतीत गेला, आणि हे यज्ञेश्वर धरून चालला नव्हता. शिव्या खायची त्याने तयारी केली होती. "असं नगा बोलू, बुवा," सर्जेराव हळू आवाजात म्हणाला, शेजारच्या रानात कोणी ऐकू नये तसा. "असं नगा बोलू. वारज्याला पडला की. जयसिंगानं सोता सांगितलं. मंग बेडूकच हाय."

"वारज्याला पडला. का पडला ते मला ठाऊक नाही."

"तुमास्नी ठावं न्हाई?"

"नाही."

हा शब्द त्याने माणसांसमोर याआधी कधी उच्चारला नव्हता. उच्चारल्यावर काहीच झालं नाही. बैलांनी शेपट्या हलवल्या. सर्जेराव बांधावर बसला आणि दोन्ही हातांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "मंग म्या आता काय करू? टाकू का थांबू? तेवढं तरी सांगा." सोजरबाईच बोलली. ती कपाळाकडे न बघता आज सरळ डोळ्यांत बघत होती. "ठावं न्हाई म्हनलं ना त्यांनी. ठावं नसलं की राखायचं. पाडव्याला बी म्या तेच म्हनत हुते." मग ती यज्ञेश्वराला म्हणाली, "टाकल्यालं आता काडता येत न्हाई, बुवा. कोरड्यात हाय तवर त्ये झोपून ऱ्हातंय, मुंग्यांनी न्हेलं तर तेवढंच. धो धो पडला तरी हरकत न्हाई, उगवून येतंय. पन ह्या दोन दिसांत थोडका नगं यायला. थोडक्यानं बी जागं हुतं, आन् मागनं पानी न्हाई घावलं की मरतं."

थोडं थांबून तिने विचारलं, "चूक कशी झाली?"

त्याला हसायचं होतं, ते जमलं नाही. त्याने डावा हात पुढे केला आणि अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवून दाखवला. "इथून निघायचं होतं. निघालो ते घरच मोजलं नाही. लेक सासरी निघाली होती त्या दिवशी. ती निरोप घेत होती, आणि मी..." पुढचं त्याने मंदाकिनीलाही सांगितलं नव्हतं, ते इथे उन्हात, परक्या रानात, ओठांपर्यंत आलं आणि त्याने अंगठा पेरावर दाबला. सोजरबाई त्याच्या हाताकडे बघत राहिली. "माज्या बी दोन दिल्यात," ती म्हणाली. मग तिने ओटी सोडली, उरलेलं बी एका फडक्यात घातलं आणि गाठ मारली. गाठ तिने दोनदा ओढून बघितली.

परतीची वाट त्याने जवळजवळ हलक्या मनाने चालायला सुरुवात केली. अर्धं वाचलं होतं. अर्धं झोपलेलं होतं. दोन दिवस झोपू दे. मेंढा आहे ना? मेंढा असेल तर पाऊस नाही, पाऊस नाही तर बी जागं होणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो कोरड्या नक्षत्राच्या बाजूचा झाला होता. ओढा ओलांडताना वारा पडला. पर्वतीच्या पायथ्याशी अंधारून आलं, आणि त्याच झाडाखाली, जिथे दुपारी त्याने वकिली केली होती, त्याच्या मनगटावर पहिला थेंब पडला. त्याने तो पुसला. दुसरा पडला. वारज्यावरचा तो पडदा फाटून त्याची एक पातळ चिंधी इकडे निघाली होती. अगदी पातळ. मागे वळून पाहिलं तर बिबवेवाडीचं शिवार त्याच करड्या चिंधीखाली होतं.

तो पळू लागला. पन्नाशीचा माणूस, पळून कुठे जाणार होता ते त्यालाही माहीत नव्हतं. पावसापुढे पळून पाऊस थांबत नाही. पेठेत शिरला तेव्हा माणसं दारांत, ओसऱ्यांवर उभी होती, वास घेत होती, हसत होती. देवळाच्या पायऱ्यांवर दिगंबरपंत होते, त्यांच्याभोवती नेहमीची मंडळी. "या, जोशीबुवा, या! बेडकाला आणायला स्वतः गेला होतात वाटतं!" सगळे हसले, प्रेमाने हसले. "मृगाचे दोन दिवस बाकी असताना आणलात. आम्ही तर नावं ठेवायची तयारी करून बसलो होतो, ती फुकट गेली." यज्ञेश्वर धापा टाकत पायरीशी उभा राहिला. उपरणं भिजलं नव्हतं, नुसतं दमट झालं होतं.

"बेडूक नाही, पंत. मेंढा होता. माझी गणती चुकली."

 मग दिगंबरपंतांनी मांडीवर थाप मारली. "ऐका! पाऊस पडत असताना 'माझं चुकलं' म्हणणारा जोशी आम्ही जन्मात पाहिला नव्हता. विनय म्हणतात तो हाच. पुण्यात नवीन आहे, पण चालेल." पुन्हा हशा. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या पाडव्यालाही तुम्हीच वाचायचं, कोणी म्हणालं. त्याने आणखी एकदा सांगून पाहिलं. बारा नव्हे, तेरा, असं बोटांवर दाखवलं. लोक कौतुकाने त्या बोटांकडे बघत होते.

तो घरी आला आणि ओसरीच्या कडेला, सकाळी चरवी होती तिथे, हात बाहेर काढून उभा राहिला. तळहातावर थेंब मोजता येत होते. अंगणातली धूळ काळी झाली होती, पण चिखल नव्हता. पन्हळीतून धार नव्हती. एवढं पाणी बियाला पुरेसं होतं. बाजरीचा दाणा एवढ्यात फुगतो, त्याची साल सुटते, आणि तो विश्वासाने एक पांढरं टोक बाहेर काढतो. त्याला सांगणारा कोणी नसतो. एक तर पड, यज्ञेश्वर म्हणत होता, नाही तर थांब. कुणाला म्हणत होता ते त्याला ठाऊक नव्हतं. अंगठा आपोआप करंगळीच्या पेरावर गेला होता आणि तिथेच थांबला होता.

"अगं," त्याने आत हाक मारली, "मागच्या अंगणात बघ. पन्हळीला धार लागली का?"

मंदाकिनी मागच्या दारापर्यंत गेली. तिने पन्हळीखाली हात धरून पाहिला.

"नाही लागली," ती म्हणाली. "पण थांबतही नाहीये."